एक दिवस वेबसाइटचा, एक वाट कपाशीची
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी कोणीतरी मोठ्या विषयावर बोलावे अशी आपली प्रथा. माझा विषय मात्र लहान आहे. मंडळाने वेबसाइट काढली, तिचे काम माझ्याकडे आले, आणि तेव्हापासून भेटेल ती मैत्रीण मला विचारते, “काय हो, दिवसभर त्या संगणकापुढे बसून तुम्ही करता तरी काय?” प्रश्न रास्त आहे. घरात दिवसभर काय केले, हे सांगणे गृहिणीला जेवढे अवघड, तेवढेच हेही अवघड. म्हणून आज मी गेल्या मार्गशीर्षातल्या एका रविवारचा हिशेब आपल्यापुढे ठेवणार आहे. त्या दिवसाचा अर्धा भाग टेबलाशी गेला आणि अर्धा पायी गेला. दोन्ही अर्ध्यांचे नाते काय, तेच मला सांगायचे आहे.

वेबसाइट म्हणजे घरच समजा. तिला एक नाव लागते, ती उभी राहायला जागा लागते, आणि आत मांडणी लागते. नावाचे आणि जागेचे भाडे बहुधा दर वर्षी भरावे लागते. भाडे चुकले की घर बंद! जगातली पहिली वेबसाइट १९९१ साली स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी उघडली. आपल्या देशात सामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. म्हणजे आपल्या पुष्कळशा सुनांपेक्षाही हे प्रकरण वयाने फारसे मोठे नाही. तेव्हा त्याला भिण्याचे कारण नाही.

आता नावाचेच पाहा. नाव नीट नसेल तर काय होते, हे वर्ध्याच्या माणसाला बाहेरून शिकण्याची गरज नाही. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याहून पायी ज्या खेड्यात राहावयास गेले, त्याचे नाव तेव्हा सेगाव होते. तिकडे बुलढाणा जिल्ह्यात गजानन महाराजांचे शेगाव, रेल्वेवरचे आणि सर्वांच्या ओळखीचे. साहजिकच सेगावची टपाले शेगावला जाऊ लागली. अखेर १९४० साली गावाचे नावच बदलले आणि सेवाग्राम झाले. आज जगभर जे नाव आदराने घेतले जाते, त्याच्या जन्मात टपालाची ही अडचणही होती! वेबसाइटचे नाव ठेवतानाही हाच नियम. दुसऱ्याच्या नावाशी घोटाळा होऊ नये, ऐकणाऱ्याला लिहिता यावे, आणि सांगणारीची जीभ अडखळू नये.

त्या रविवारी सकाळी स्वयंपाक आटोपून मी बसले ती अक्षरांच्या कामाला. मंडळाचे जुने अहवाल कोणे काळी संगणकावर टाइप करून ठेवलेले होते. पण ते नव्या संगणकावर उघडले की मराठीच्या जागी रोमन अक्षरे, कंस, डॉलरची चिन्हे असा पसारा दिसे. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पूर्वी मराठी टाइपाच्या प्रत्येक बनावटीचा आपला वेगळा संसार असे. एकीचा ‘क’ ज्या खणात, दुसरीच्या त्याच खणात ‘ल’. तो विशिष्ट टाइप संगणकात असेपर्यंत सारे ठीक; तो नसला की डबे आहेत, पण कोणत्या डब्यात हळद आणि कोणत्यात मीठ हे सांगणारे कोणी नाही, अशी गत. पुढे युनिकोड नावाची व्यवस्था आली. तिची पहिली आवृत्ती १९९१ सालची, आणि तीत देवनागरी होतीच. या व्यवस्थेत जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक असतो. आपल्या ‘अ’चा क्रमांक २३०९ आणि ‘क’चा २३२५. संगणक वर्ध्याचा असो की वॉशिंग्टनचा, २३२५ म्हणजे ‘क’च.

जुने अक्षर नव्या व्यवस्थेत नेऊन देणारी साधने आहेत. परंतु तेवढ्याने भागत नाही. जुन्या टाइपात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई, युनिकोडात ती नंतर. त्यामुळे रूपांतरात वेलांटी एका अक्षरावरून उडून शेजारच्या अक्षरावर बसते, रफार हरवतो. म्हणून एक एक ओळ मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावी लागते. गहू चाळणीतून काढले तरी सुपात घेऊन खडे निवडावेच लागतात ना? तसेच हे.

आणि त्यातही आपल्या मराठीची एक खास खोड आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द पाहा. पहिल्यात र वर चढून रफार होतो, दुसऱ्यात तो आडवा चंद्रासारखा अक्षराच्या पोटाशी येतो. संगणकाला दुसरा र हवा असेल तर खाली टिंब असलेला ऱ द्यावा लागतो, मग त्याचा पाय मोडावा लागतो, मग पुढचे अक्षर. हे टाइप करणाऱ्याला ठाऊक नसले तर लग्नघरी आचाऱ्यांना द्यायची बिदागी आचार्यांना मिळायची! त्या दिवशी मला हा र पुन्हा पुन्हा लागला, कारण अहवालात शब्दच तसे होते: वऱ्हाड, पऱ्हाटी, शेतकऱ्यांच्या बायका. वर्ध्याच्या मंडळाच्या वेबसाइटवर ‘पऱ्हाटी’ धड लिहिता येऊ नये, ही काही शोभेची गोष्ट नव्हे. शिवाय शब्द चुकीचा लिहिला गेला की शोधणाऱ्याला तो सापडतही नाही.

अक्षरे झाल्यावर तारखांकडे वळले. पानावर एखादी सूचना लावणे सोपे. ती वेळेवर काढणे हे खरे काम. समजा, मागच्या वर्षीच्या आरोग्य शिबिराची सूचना तशीच राहिली. शहरातली बाई ती वाचून एक फोन करील आणि विसरून जाईल. पण खेड्यातली बाई ती वाचून दिवसाची मजुरी बुडवील, एस. टी. चे भाडे खर्च करील, लेकरू कडेवर घेऊन येईल, आणि कुलूप पाहून परत जाईल. पानावरची शिळी तारीख ही शिळ्या भाकरीसारखी नाही, की तिचा कुस्करा करून संपवता येईल. तिची किंमत कोणीतरी दूरची बाई मोजते.

शेवटचे काम होते छायाचित्रांचे. एका जुन्या छायाचित्रात मंडळाच्या आरंभीच्या अकरा भगिनी ओळीने उभ्या आहेत. खाली नावे आहेत, पण कशी? सौ. देशमुख, सौ. काळे, श्रीमती जोशी. आणि अगदी कडेला डोक्यावर पदर घेतलेली एक बाई उभी आहे, तिचे नावच नाही. भगिनींनो, आपल्या जुन्या स्मरणिका काढून पाहा. सगळीकडे हीच तऱ्हा आहे. ज्यांनी दारोदार फिरून वर्गणी जमवली, सतरंज्या उचलल्या, बालवाडीतल्या मुलांची नाके पुसली, त्या साऱ्या आडनावांच्या मागे लपल्या आहेत. उद्या त्यांची नात आपल्या आजीचे नाव टाइप करून शोधू लागली तर तिला काय मिळणार? वर्धा जिल्ह्यात देशमुख किती आणि काळे किती!

हे संगणकाला विचारून कळणारे नव्हते. मंडळाच्या एक वयोवृद्ध सभासद आता सेवाग्रामच्या पलीकडे एका खेड्यात मुलाकडे राहतात. त्यांना विचारावे म्हणून छायाचित्राची छापील प्रत पिशवीत घातली आणि तीनच्या सुमारास निघाले. सेवाग्रामपर्यंत बस, पुढे पायी.

येथे मला आणखी एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. आपल्यापैकी कित्येकींची मुले परदेशी आहेत. डिसेंबर आला की तिकडून छायाचित्रे येतात: सुट्टीच्या दिवशी घरात बसून काम केले, मग जाड कोट, उंच बूट घालून गावाबाहेर बर्फात फिरून आलो, सारे रान पांढरे! आपण ती छायाचित्रे एकमेकींना दाखवतो आणि म्हणतो, काय भाग्य! आपल्या जिल्ह्यात बर्फ पडत नाही. थंडीच्या काही रात्री पारा दहा अंशांच्या आसपास येतो, तेवढ्यानेच आपण शेकोट्या पेटवतो. महाराष्ट्रात महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दव गोठले तर त्याची वर्तमानपत्रात बातमी होते. तरीही पांढरे रान पाहावयाचे असेल तर आपल्याला विमानाचे तिकीट काढावे लागत नाही. मार्गशीर्षात कोणत्याही पांधणीने चालू लागा. दोन्ही अंगांना कपाशी फुटलेली असते.

त्या दिवशी मी तशाच एका पांधणीने चालले होते. एका बाजूला तूर पिवळ्या फुलांनी भरलेली, दुसऱ्या बाजूला पऱ्हाटीवर बोंडे उमललेली. ऊन कलते झाले की तो पांढरा रंग किंचित दुधाळ दिसू लागतो. पण बर्फात आणि कापसात मोठा फरक आहे. बर्फ आभाळातून फुकट पडतो आणि ऊन लागले की आपोआप जातो. कापूस पेरावा लागतो, निंदावा लागतो, फवारावा लागतो, आणि एक एक बोंड हाताने वेचावे लागते. आपल्या भागात पहिल्या वेचणीच्या वेळी सीतादही करतात. दहीभात वाहून मगच कापसाला हात लावतात. पुढे दोन-तीन वेच होतात. वाळलेल्या बोंडाची टोके बोटांना टोचतात, सकाळच्या दवात कापूस ओला असतो म्हणून ऊन चढण्याची वाट पाहावी लागते, आणि मजुरी किलोवर मिळते. २००२ साली सरकारने बीटी कपाशीला परवानगी दिली, तेव्हा बोंडअळीचा प्रश्न मिटला असे पुष्कळांना वाटले. पण गुलाबी बोंडअळी त्या बियाण्याला सरावली आणि २०१७ साली तिने विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या तोंडचे पाणी पळवले. हिंगणघाटची कापसाची पेठ एकोणिसाव्या शतकापासून नावाजलेली. पण तिथे जाणारी प्रत्येक गाठोडी आधी कोणा बाईच्या कमरेच्या ओटीतून जाते, हे पेठेच्या इतिहासात फारसे कोणी लिहीत नाही.

धुऱ्यावर दोन बाया पाणी पीत बसल्या होत्या. मला पाहून एकीने विचारले, “कोठं चालल्या जी बाई, या उन्हाच्या?” मी बसले, सगळे सांगितले. वेबसाइट म्हटल्याबरोबर दुसरीने ओटीतून मोबाइल काढला. म्हणाली, “दाखवा न मग. डॉक्टरीणबाई कधी येते ते दिसते काय त्याच्यात?”

त्या वावरात मोबाइलला जेमतेम एक रेघ होती. पान उघडले, आधी शब्द दिसले, चित्रे मात्र गोल गोल फिरत राहिली. तिने शिबिराची तारीख वाचली, बोटावर दिवस मोजले आणि म्हणाली, “बुधवार. बुधवारी वेच नाही आमचा. येतो मंग.”

भगिनींनो, घरच्या टेबलाशी बसून मला जे कोणी शिकवले नसते ते त्या बाईने दोन मिनिटांत शिकवले. आपल्याकडे सूचनेचे रंगीत चित्र करून, फुले-तोरणे काढून पाठवण्याची आवड फार. ते चित्र घरातल्या वायफायवर झटकन उघडते. वावरात उघडत नाही. शब्द हलके असतात, चित्र जड असते. शिवाय ज्यांना दिसत नाही अशा माणसांना पान वाचून दाखवणारी साधने शब्द वाचतात. सूचना चित्रात असेल तर ती त्यांच्यापर्यंत पोचेलच असे नाही. म्हणून तारीख, वेळ आणि ठिकाण साध्या अक्षरांत, पानाच्या माथ्यावर. शोभेची चित्रे खाली. हा नियम त्या धुऱ्यावर ठरला.

उन्हे उतरताना त्या ज्येष्ठ सभासदांच्या घरी पोचले. डोळ्यांना कमी दिसते, पण छायाचित्र हातात घेऊन त्यांनी बोट ठेवीत एकेक नाव सांगितले. नुसते नाव नव्हे. कोणाचे माहेर आर्वीचे, कोणाचे देवळीचे, कोण पेटी वाजवीत असे, कोण नवऱ्याला न सांगता सभेला येत असे! कडेच्या बाईपाशी बोट थांबले. त्या म्हणाल्या, “हिला विसरलात होय? हिनेच तर पहिल्या वर्षी आपल्या घराची ओसरी दिली होती मंडळाला. फोटोवाला आला तेव्हा ही चहाची भांडी घासत होती. मीच हात धरून ओढून आणले तिला.”

म्हणजे ज्या ओसरीवर आपले मंडळ सुरू झाले, त्या ओसरीची मालकीण आपल्या अहवालात कोठेच नव्हती. मी हे नाव आज येथे घेत नाही, कारण तिच्या घरच्यांची संमती अजून यायची आहे. इंटरनेटवर एकदा गेलेले नाव आणि चेहरा सबंध जगापुढे जातो. तो परत बोलावता येत नाही. म्हणून कोणाही बाईचे छायाचित्र तिला किंवा तिच्या माणसांना विचारल्यावाचून लावायचे नाही, आणि कोणाचाही घरचा पत्ता व फोन नंबर द्यायचा नाही, हा मंडळाचा दुसरा नियम असावा असे मी सुचवते. संमती आली की ते नाव पहिल्या पानावर, पूर्ण, स्वतःच्या नावासह झळकेल.

आता कोणी म्हणेल, हे सारे टिकणार किती दिवस? शंका योग्य आहे. आपल्या गोपुरीतले गीताई मंदिर सर्वांनी पाहिले आहे. विनोबांनी १९३० ते १९३१ या काळात लिहिलेली गीताई तेथे उभ्या शिळांवर कोरलेली आहे. मंदिराला छप्पर नाही, मूर्ती नाही, चालत चालत अठरा अध्याय वाचावेत. १९८० साली ते खुले झाले. त्या शिळांना दर वर्षी भाडे भरावे लागत नाही. वेबसाइट ही शिळा नव्हे. ती शेणाने सारवलेल्या अंगणासारखी आहे. रोज कोणाचा तरी हात फिरला तर शोभते, नाही तर आठ दिवसांत गवत उगवते. म्हणून छापील स्मरणिका बंद करावी असे मी मुळीच म्हणणार नाही. कागद कागदाच्या जागी, शिळा शिळेच्या जागी, आणि हे नवे अंगण आपल्या जागी.

आणि हे काम आपल्याला जमणार नाही असे कोणी म्हणू नये. धाम नदीच्या काठी पवनारला विनोबांनी १९५९ साली ब्रह्मविद्या मंदिर स्थापले. तेथील भगिनींनी छापखाना स्वतः चालवला, खिळे जुळवून ‘मैत्री’ मासिक काढले, आणि शेती, स्वयंपाक, झाडलोटही स्वतःच केली. छापखान्यातल्या बारीक शिशाच्या खिळ्यांपेक्षा मोबाइलवरची अक्षरे काही अवघड नाहीत. डोके आणि पाय दोन्ही कामाला लावावेत, हे तर या मातीचेच शिक्षण आहे.

शेवटी माझी आपणांस तीन मागणी आहेत. एक, घरी ट्रंकेत, माळ्यावर, देवघराच्या फडताळात मंडळाचे जुने कागद वा छायाचित्रे असतील तर ती आणून दाखवावीत. आम्ही प्रत काढून मूळ परत करू. दोन, आपली आई, सासू, शेजारीण यांना आजच विचारून त्यांचे नाव, माहेर आणि त्यांनी केलेले काम वहीत लिहून ठेवावे. संक्रांतीच्या वाणापेक्षा हे वाण मोलाचे आहे, आणि ते द्यायला सधवा-विधवा असा भेद लागत नाही. तीन, दर महिन्याला दोघी सभासदांनी पाळी लावून घ्यावी. एकीने वेबसाइटची सगळी पाने वाचून शिळे झालेले काढावे. दुसरीने एका खेड्याची वाट धरावी, आणि आपण लिहिले ते तेथल्या बायांच्या उपयोगी पडते का ते पाहून यावे. पुढच्या महिन्यात पाळी उलटी. टेबलाशी बसणारीने चालावे, आणि चालणारीने टेबलाशी बसावे.

ही माझी मागणी मान्य असेल तर सभा संपल्यावर दाराशी वही ठेवली आहे, तीत नाव लिहावे. मात्र कृपा करून सौ. अमुक असे लिहू नये. आपले स्वतःचे नाव लिहावे, आणि पूर्ण लिहावे.